थकवा घालवायला किती खर्च येतो? नांदेड-लातूरकरांसाठी हिशेब

दुपारी चार वाजले की मोंढ्यातल्या आडतीवर, बँकेच्या काउंटरमागे, शिकवणीच्या वर्गात एकच तक्रार ऐकू येते: अंगात त्राण नाही. मग कोणी चौथा चहा सांगतो, कोणी वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली फोडतो. चहा दहा रुपयांचा धरला, रोज चार आणि महिन्याचे २६ कामाचे दिवस, तर १,०४० रुपये होतात. रोजची एक बाटली असेल तर आणखी ५२०. दीड हजारावर रक्कम थकवा दाबण्यात जाते आणि थकवा जागेवरच राहतो. त्याच पैशात तो घालवण्यासाठी काय काय करता येतं, ते इथे मांडलं आहे. भाव सर्वसाधारण आहेत. हंगाम आणि पेठ पाहून थोडे खाली-वर होतील.

पहिला खर्च तपासणीचा, आणि तो घरातल्या बाईपासून सुरू करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींमागे एक. सकाळी पाचला उठून डबे करणारी, दिवसभर शाळेत किंवा दुकानात उभी राहणारी आणि रात्री सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई ‘मला आताशा लवकर दम लागतो’ म्हणते, तेव्हा ते वयावर किंवा स्वभावावर ढकलू नये. रक्ताची साधी तपासणी, ज्याला लॅबवाले सीबीसी म्हणतात, खासगीत २०० ते ३५० रुपयांत होते. डॉक्टरांनी सांगितलं तर थायरॉईडची तपासणी आणखी तितक्याच पैशांत. दीड ते तीन हजारांची ‘सत्तर तपासण्यांची’ पॅकेजं जाहिरातीत स्वस्त वाटतात, पण त्यातल्या बऱ्याच तपासण्या तुमच्या तक्रारीला लागूच नसतात. आधी डॉक्टरला दाखवा, मग ते सांगतील तेवढंच करा.

हेही पैसे वाचू शकतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत केसपेपर, तपासणी, औषधं सगळं मोफत आहे. नांदेडचं विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. तिथे काय आकारतात ते केसपेपरच्या खिडकीवर आधी विचारून घ्या. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी गावातल्या आरोग्य मंदिरातही फुकट होते. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असं काही असेल तर थुंकीची तपासणी आणि क्षयाचे उपचारही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. छातीत दुखून घाम फुटला तर गाडीची वाट पाहू नका. १०८ फिरवा, रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत.

आता चहाकडे. जेवण झालं की लगेच चहा ही आपल्याकडची जुनी सवय, पण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. चहा सोडायची गरज नाही, त्याची वेळ बदला. याला एक रुपयाही पडत नाही, आणि रक्त कमी असलेल्या बाईला त्याचा उपयोग होतो. एनर्जी ड्रिंकच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मात्र वाचाच. मुलांनी आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायांनी ते घेऊ नये, असं तिथेच छापलेलं असतं. लातुरात शिकायला मुलं ठेवलेल्या आई-बापांनी हे मुलांना फोनवर जरूर सांगावं. रात्र जागायला घेतलेली बाटली दुसऱ्या दिवसाची झोपही खाते.

डब्याचा हिशेब तर आपल्या बाजूचा आहे. ज्वारीचं पीठ किलोला ५० ते ६० रुपये धरलं तर दोन भाकरी आठ-नऊ रुपयांत होतात. तुरीचं वरण किंवा पिठलं, एक पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाची फोड धरून पूर्ण डबा ४० ते ४५ रुपयांत बसतो. खानावळीत तेवढ्याच जेवणाला शंभर-सव्वाशे लागतात. लिंबू नुसतं चवीसाठी नाही, पालेभाजी-डाळीतलं लोह त्यामुळे जास्त शोषलं जातं. सकाळी सुशीला करत असाल तर त्यात शेंगदाणे आणि फुटाण्याचं डाळं हात राखून घालू नका. नुसते मुरमुरे अकरापर्यंतही टिकत नाहीत. आणि चारच्या त्या वेळेसाठी मूठभर फुटाणे, गुळाचा खडा, नाहीतर अर्धापूरचं एक केळ. दहा रुपयांच्या आत काम होतं, आणि बाटलीतल्या साखरेसारखा जोर चढून लगेच उतरत नाही. साखरेचा आजार असेल तर गूळ आणि केळ वगळून फुटाणे-ताक घ्या.

पाण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या ‘जलदूत’ गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या भागाने ते दिवस काढले, तिथे पाणी विकत घेणं अंगवळणी पडलं आहे. दुकानांत, कचेऱ्यांत २० लिटरचा थंड जार साधारण ३० रुपयांना येतो. पण थंड केलेलं पाणी म्हणजे शुद्ध केलेलं पाणी नव्हे. सीलबंद पाण्याच्या बाटलीवर किंवा जारवर परवाना क्रमांक आणि तारीख असते. नळी लावून भरलेल्या सुट्या जारवर यातलं काहीच नसतं. पुरवठादाराला पाण्याचा तपासणी अहवाल मागा. दहा जणांच्या कचेरीने एकत्र मागितला तर तो टाळू शकत नाही. नसेलच, तर घरून उकळून गाळलेलं पाणी माठात. दोन-तीनशे रुपयांचा माठ एक उन्हाळा सहज काढतो.

मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की उन्हात पोती वाहणाऱ्या हमालाला, डिलिव्हरीच्या पोराला नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसची पुडी वीस-पंचवीस रुपयांना मिळते आणि एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी टाकायची असते. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकू नका. खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. घरचा उपाय हवा असेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ याहून जास्त नको.

व्यायामाला जिमचे पाचशे ते हजार द्यायचे तर द्या, पण नांदेडला विसावा उद्यान आणि लातूरला नाना-नानी पार्क असताना जिमवाचून काही अडत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं पुरतं.

सुटी

सुटीही विकत घ्यावी लागत नाही, ती बऱ्याचदा कायद्यानेच मिळते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली, ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला ८ पगारी किरकोळ रजा आहेत, आणि वर्ष संपलं की न घेतलेल्या बुडतात. त्या मागताना संकोच करू नका.

एक हिशेब करून पाहू. नांदेडहून माहूर, अंतर सुमारे १३० किलोमीटर. नवरा-बायको, ६८ वर्षांची आई आणि दहा वर्षांचं मूल. साध्या एसटीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला साधारण दहा रुपये, म्हणजे पूर्ण तिकीट २२० च्या आसपास. बायकोला महिला सन्मान योजनेत अर्धं, आईला अर्धं, मुलाला अर्धं. जाऊन-येऊन अकराशे. आई पंचाहत्तरीपुढची असती तर तिचं तिकीट लागलंच नसतं. आधार कार्ड सोबत असू द्या. हाच प्रवास भाड्याच्या गाडीने केला तर दिवसाला किमान ३०० किलोमीटर, किलोमीटरला बारा रुपये आणि वर चालकाचा भत्ता, असे चार हजारांच्या घरात जातात. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर मी गाडीचाच सल्ला देईन. नसेल तर उरलेल्या पैशात एक रात्र मुक्काम करा. माहूरच्या पायऱ्या चढून त्याच दिवशी उनकेश्वरचे गरम झरे आणि सहस्रकुंड गाठायचा हट्ट माणसाला आजारी पाडतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी गरम पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरला विचारावं. उदगीरकरांनी बीदरला जाताना लक्षात ठेवावं की एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते.

वाटेसाठी धपाटे आणि कोरडी चटणी घ्या, दह्याचं काही उन्हात नको. नांदेडला आलात तर सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये ताजं, साधं, गरम जेवण विनामूल्य मिळतं. बसून शांतपणे जेवा. रेल्वेत रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना आहे. कोणी वीस मागितले तर बिल मागा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. जनऔषधी केंद्रात सॅनिटरी नॅपकिन एक रुपयाला एक मिळतो, तापाच्या गोळ्याही स्वस्त असतात. निघण्याआधी तिथे एक चक्कर टाका.

दिवाळीत पुण्याहून लातूर-नांदेडला येणाऱ्यांना सगळ्यात मोठा फटका खासगी बसचा बसतो. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे खासगी बसला त्याच प्रकारच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपर्यंतच भाडं घेता येतं. आधी एसटीचं भाडं पाहा, दीडपट करा, जास्त मागितलं तर तिकिटाचा फोटो ठेवून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार करा. आणि परतीचं तिकीट कामावर रुजू व्हायच्या आदल्या रात्रीचं नको, त्याच्या एक दिवस आधीचं काढा. रात्रभर बसमध्ये हिंदकळून सकाळी थेट खुर्चीत बसलं, की चार दिवसांची विश्रांती पहिल्याच दुपारी संपते.