रेडिएटरचं वय आणि साडूंचं बोअरचं पाणी

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे, ८४ हजार किलोमीटर झालेत. गेल्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढत होतो, तेव्हा तापमानाचा काटा वर गेला. गॅरेजवाले म्हणतात, रेडिएटरचं आयुष्य संपलं, नवा टाका. आमचे साडू म्हणतात, रेडिएटरला काही होत नसतं, पाणी टाकत राहा. त्यांची जुनी गाडी वीस वर्षं बोअरच्या पाण्यावर पळाली. शिवाय आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग ते महागाचं कूलंट हवंच कशाला? कुणाचं ऐकू? – एक वाचक, कराड

उत्तर : साडूंची गाडी वीस वर्षं पळाली हे खरं असणार, आणि गॅरेजवाल्यांचंही सगळंच खोटं नाही. पण दोघंही रेडिएटरबद्दल बोलताहेत. त्याच्या आत काय भरलंय, ते कुणी विचारत नाही. तुमचं उत्तर बरंचसं तिथेच दडलंय, म्हणून जरा मुळापासून पाहू.

इंजिनात पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच गाडी ओढायच्या कामी येतो. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते. उरलेली इंजिनाच्या धातूला तापवत बसते. ती सतत बाहेर काढली नाही तर थोड्याच वेळात इंजिनाचं हेड वाकतं. म्हणून इंजिनाच्या पोटातून द्रव फिरवतात. वॉटर पंप (गॅरेजात त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात) तो ढकलतो. तापलेला द्रव वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये येतो, चपट्या नळ्यांतून जाताना निवतो आणि खालच्या पाइपने परत इंजिनात शिरतो. नळ्यांच्या मधे कागदासारख्या पातळ पट्ट्यांची जाळी असते, तिच्यातून जाणारा वारा उष्णता घेऊन जातो. सारं काम या वाऱ्याचं, तरी नाव मात्र किरणं टाकणारा म्हणून ‘रेडिएटर’!

या फिरणाऱ्या द्रवाची वाट कुठेही अडली की गाडी तापते. वाटेत रेडिएटरखेरीज पंप, दोन मोठे पाइप, थर्मोस्टॅट, झाकण आणि पंखा एवढी मंडळी आहेत. बदनाम होतो तो रेडिएटर, कारण बॉनेट उघडलं की तो समोर दिसतो.

त्याचं आयुष्य म्हणाल तर आजच्या गाड्यांत आठ-दहा वर्षं किंवा दीडेक लाख किलोमीटर हा साधारण अंदाज धरतात. पण ही औषधाच्या पाकिटावरची तारीख नव्हे. नीट राखलेला रेडिएटर गाडीबरोबर म्हातारा होतो, आणि हेळसांड झाली तर तोच चार-पाच वर्षांत बाद होतो. त्याचं मरण साधारण तीन वाटांनी येतं. आतल्या नळ्या क्षारांनी आणि गंजाने बुजतात. बाजूच्या प्लास्टिकच्या टाक्या तापून-निवून ठिसूळ होतात आणि ॲल्युमिनियमला जिथे दाबून बसवलेल्या असतात तिथून पाझरू लागतात. किंवा बाहेरची जाळी चिखल-किड्यांनी भरते, नाहीतर दगड लागून फाटते. तिसरी वाट रस्त्याची देणगी. दुसरी वयाची. पहिली मात्र बहुतेक वेळा आपणच बादलीने आणून ओततो.

इथे साडूंचं बोअरचं पाणी आलं. घरच्या गीझरची कॉइल प्लंबरने कधी काढून दाखवली असेल तर आठवा, तिच्यावर पांढरा, खरबरीत, नखाने न निघणारा थर असतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार ते. रेडिएटरच्या नळीत हाच थर बसतो, आणि त्या चपट्या नळीतली फट मुळात एक-दोन मिलिमीटरची असते. थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि वाटही अरुंद करतो. रोजच्या सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. घाटात, खालच्या गिअरमध्ये, पुढे ट्रकांची रांग आणि आत एसी चालू असताना इंजिन खूप उष्णता टाकतं आणि वारा कमी मिळतो. मग काटा सरकतो.

मग साडूंची गाडी कशी चालली? त्या पिढीच्या गाड्यांचे, म्हणजे ॲम्बॅसडर, पद्मिनी वगैरेंचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, डाग देऊन जोडलेले असत. ते तुंबले की रेडिएटरवाला टाकीचा डाग उकलायचा, नळ्यांमधून पट्टी घालून क्षार खरवडायचा आणि परत डाग देऊन द्यायचा. साडूंना सहज विचारून पाहा, वीस वर्षांत अशा किती फेऱ्या झाल्या. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या आजच्या रेडिएटरला अशी दुरुस्ती फारशी मानवत नाही, तो बदलावाच लागतो. बाकी ‘पाणी टाकत राहा’ या पद्धतीला परंपरा मोठी आहे. कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीत पाणी नुसतं उकळून वाफ होऊन जायचं. 1888 मध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ तशीच गाडी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा थांबून पाणी भरत गेल्या.

आता बर्फाचा मुद्दा. कूलंटला इंग्रजीत गोठणरोधक अशा अर्थाचं नाव आहे, त्यामुळे ते काश्मीरवाल्यांसाठी असा समज पसरलाय. गोठू न देणं हे त्याच्या कामांपैकी एक आणि आपल्यासाठी सर्वांत बिनमहत्त्वाचं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल उकळणबिंदूही वाढवतं. त्यात मिसळलेली गंजरोधक रसायनं ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं या एकाच पाण्यात बसलेल्या धातूंना एकमेकांना खाऊ देत नाहीत. वॉटर पंपाचं सीलही त्यामुळे टिकतं. हे गंजरोधक हळूहळू खर्ची पडतात. म्हणजे कूलंट जुनं होतं ते या अर्थाने. बॉनेटखालची कूलंटची बाटली भरलेली दिसली तरी आतलं औषध संपलेलं असू शकतं. जुन्या पद्धतीचं कूलंट दोन-तीन वर्षांत आणि सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं नवं पाचेक वर्षांत बदलतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत आहे.

उलट टोकाचा गैरसमजही सांगतो. काहीजण हौसेने निव्वळ कूलंटच ओततात, पाण्याचा थेंब नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. त्यामुळे नुसतं घट्ट कूलंट गाडी कमीच गार ठेवतं. साधारण निम्मं-निम्मं मिश्रण योग्य, आणि पाणी बॅटरीत घालतो तसलं क्षारविरहित. डब्यावर ‘तयार मिश्रण’ लिहिलं असेल तर त्यात आणखी पाणी नको. आणि रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने घालतात. दोन जातींची कूलंटं मिसळली तर कधीकधी गाळ धरतो, आणि तो गाळ पुन्हा त्याच बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

गाडी तापल्याच्या तक्रारीत ज्याच्याकडे कुणी बघत नाही, ते झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो, तो दाबाचा. बाहेर 100 अंशांवर उकळणारं पाणी या दाबाखाली सुमारे 120 अंशांपर्यंत दम धरतं. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही आणि द्रव लवकर उकळून बाटलीत, तिथून रस्त्यावर जातो. झाकणात आणखी एक छोटी झडप असते. इंजिन निवलं की तिच्यातून बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जातं. ती चिकटली तर आत निर्वात पोकळी होते आणि वरचा होज पाइप सकाळी चपटा, आत ओढलेला दिसतो. झाकण काहीशे रुपयांचं आणि रेडिएटर काही हजारांचा. आधी काय बदलून बघावं ते उघड आहे.

दुसरा दुर्लक्षित भाग थर्मोस्टॅट. यात मेणाची छोटी कुपी असते. साधारण 82 ते 90 अंशांदरम्यान मेण वितळून फुगतं आणि झडप उघडतं. तोवर द्रव रेडिएटरकडे जात नाही, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. हा बंद अवस्थेत अडकला तर गाडी हमखास तापते. आमच्या जुन्या गाडीचा असा अडकला होता, तेव्हा मिस्त्रींनी तो काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, ‘‘आपल्याकडे लागत नाही हा.’’ गाडी तापायची थांबली म्हणून मीही खूश. पुढच्या डिसेंबरात काटा तळाशीच झोपलेला, ॲव्हरेज घटलेलं आणि सकाळी दहा मिनिटं इंजिन कुरकुरत चालायचं. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि जास्त झिजतं. नवा थर्मोस्टॅट बसवला तेव्हा ते संपलं. आपल्याकडे ऊन आहे हे खरं, पण मे महिन्यातही आपली हवा चाळीस-पंचेचाळीस अंशांची, आणि इंजिनाला हवेत नव्वद.

तुमच्या गाडीचं निदान मग कसं करायचं? गाडी फक्त सिग्नलला, गर्दीत तापत असेल तर संशय पंख्यावर, कारण वेगात वारा आपोआप मिळतो. चढाला किंवा वेगात तापत असेल तर आतला प्रवाह कमी पडतोय: तुंबलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, कमी झालेलं कूलंट. पातळी आठवड्याला उतरत असेल तर गळती शोधा. होजच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचं छोटं भोक, टाकीचा सांधा ही नेहमीची ठिकाणं. कुठेच ओल नसून पातळी उतरत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल, तर हेड गास्केटचा विषय आहे आणि त्यात दिरंगाई नको. गॅरेजवाल्यांना हातपंपाने दाब देऊन गळती तपासायला सांगा. लांबून तापमान मोजणारं यंत्र रेडिएटरच्या जाळीवर फिरवायलाही सांगा. अधेमधे गार पट्टे सापडले तर तिथल्या नळ्या बुजल्यात. एवढं करून त्यांनी ‘रेडिएटर बदला’ म्हटलं तर जरूर बदला, आणि त्याच वेळी दोन्ही होज पाइप व क्लिपाही.

त्याआधी एक काम स्वतः करा. उद्या सकाळी, गाडी चालू करण्यापूर्वी, झाकण उघडून आत पाहा. द्रव स्वच्छ आणि रंगीत हवा. चहासारखा तांबूस किंवा गढूळ असेल तर क्षारविरहित पाण्याने स्वच्छ येईपर्यंत धुऊन नवं कूलंट, नवं झाकण घाला आणि पुन्हा एकदा खंबाटकी चढून बघा. जुनं कूलंट गटारात किंवा उघड्या भांड्यात सोडू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात.

पुन्हा घाटात काटा चढला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण जोरावर लावा. हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच, तो थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. घाम येईल, पण इंजिन वाचेल. वाफ दिसली तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झाकणाला तासभर तरी हात नको. आत दाबाखालचं पाणी असतं, दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होऊन ते थेट चेहऱ्यावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. आणि वाफ येत असताना काटा एकदम खाली आला तर हुरळू नका. द्रव इतका कमी झालाय की सेन्सर कोरडा पडलाय, एवढाच त्याचा अर्थ. वाटेतला कुणी मदतीला धावून चिमूटभर हळद टाकायला सांगेल. बारीक भोक हळदीने खरंच बुजतं आणि गाडी घरी पोचते. पण हळदीला गळकी नळी कोणती आणि चांगली कोणती हे कळत नाही, म्हणून घरी आल्यावर सगळं धुऊन काढा.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारलंय, किल्ली काढल्यावरही पंखा फिरत राहतो, हा बिघाड का? बऱ्याच गाड्यांत नाही. इंजिन थांबलं की द्रवाचं फिरणं थांबतं आणि आतली साठलेली उष्णता काही मिनिटं उलट वाढते, म्हणून पंखा मागे राहून ती काढतो. फक्त तेवढ्या वेळात बॉनेट उघडून आत बोटं घालू नका. थांबलेला पंखाही न सांगता सुरू होतो.