साठ सेकंदांची रात्र

पॅकेट पकडणारं एक छोटं टूल मी लिबपीकॅपवर लिहिलं होतं. ‘६० सेकंदांनी थांब’ असं सांगून रात्री ते एका सर्व्हरच्या एका पोर्टवर सोडलं आणि झोपलो. सकाळी पाहतो तर स्वारी अजून चालूच! कंट्रोल-सी मारलं, फाइल पाहिली : २४ बाइट. पीकॅप फाइलचा नुसता हेडर तेवढा असतो. आत पॅकेट एकही नाही. चूक माझीच होती. तिनं शिकवलेलं असं :

१. घड्याळ कोण बघतंय ते आधी शोधा. ‘वेळ संपली का?’ हे मी पॅकेट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये तपासत होतो. त्या पोर्टवर रात्रभर कुणी फिरकलंच नाही, मग तपासणार कोण? दार वाजलं तरच घड्याळाकडे बघणारा राखणदार ठेवला होता मी.

२. नावावर जाऊ नका. लिबपीकॅपचा टाइमआउट कमी करून पाहिला, टूल ढिम्म. मग मॅन पेज नीट वाचलं. तो टाइमआउट आलेली पॅकेटं साठवून एकदम देण्यासाठी आहे. काही प्लॅटफॉर्मवर पहिलं पॅकेट येईपर्यंत तो सुरूच होत नाही.

३. वाट पाहण्यालाच मुदत घाला. आता हँडल नॉन-ब्लॉकिंग आहे आणि पोलला मी उरलेला वेळ देतो. पॅकेट येवो न येवो, पोल परततोच. उरलेला वेळ मात्र दर फेरीत नव्यानं मोजायचा, नाहीतर प्रत्येक पॅकेटमागे ६० सेकंद पुन्हा पहिल्यापासून.

४. भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका. एनटीपी ते मागेपुढे करू शकतं. मुदतीसाठी मोनोटॉनिक क्लॉकच.

५. एकक तपासा. ३२ बिटांच्या साइन्ड इंटमध्ये मायक्रोसेकंद २,१४७ सेकंदांपर्यंतच मावतात, म्हणजे जेमतेम पावणेछत्तीस मिनिटं. तासाची मर्यादा दिली की आकडा उणे व्हायचा आणि टूल पहिल्याच पॅकेटला गाशा गुंडाळायचं. ६४ बिट केले.

६. शांततेचीही चाचणी लिहा. माझ्या प्रत्येक चाचणीत शेजारच्या टर्मिनलवर पिंग चालू असायचा; बग दिसणार कुठून? आता कुणीच वापरत नसलेल्या पोर्टचा फिल्टर लावतो, मर्यादा ३ सेकंद. पाचव्या सेकंदाला टूल जिवंत सापडलं, तर बिल्ड नापास.