गिझरची जोडणी : एमसीबी पुरेशी नाही

2,000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर करंट घेतो. म्हणून तो 6 अँपिअरच्या साध्या प्लगवर कधीही लावू नये. त्यासाठी 16 अँपिअरचे सॉकेट, किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि खात्रीचे अर्थिंग हवे. स्विच न्हाणीघराबाहेर ठेवावा.

एमसीबी बसवली की बरेच जण निर्धास्त होतात. पण एमसीबी जादा भार व शॉर्टसर्किटपासून वायर वाचवते, माणसाला नव्हे. ओल्या अंगातून जाणारा 0.1 अँपिअर करंटही जीव घेऊ शकतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला तो कळतही नाही. अशी गळती ओळखून वीज तोडते ती 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. तिचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे.

नळ, शॉवर हौसेने स्वतः बसवा. वीजजोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.