संगणकाची डिस्क बिघडते तेव्हा : आधी हिशेब वाचवा, मग यंत्र

व्यापारी बंधूंनो, पूर्वी आपल्या प्रत्येक दुकानात लाल कापडी बांधणीची वही असे. ती भिजली, उंदराने कुरतडली, तरी निम्मी पाने वाचत. आज तीच वही घरच्या संगणकात गेली आहे, आणि संगणकातील वही गेली की बहुधा सगळीच जाते. ही वही जिथे साठवलेली असते त्या भागाला हार्ड डिस्क म्हणतात. ती बिघडू लागली तर काय करावे आणि काय करू नये, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. ते आपल्या कामी यावे म्हणून येथे मांडत आहोत.

आमचे दुकान नगरच्या कापड बाजारात आहे. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात दुकान उशिरा बंद करून आम्ही घरी हिशेब लिहायला बसलो. एक खाते उघडायला पाच मिनिटे लागू लागली आणि आतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. आम्ही संगणक सात-आठ वेळा बंद-चालू केला. मग डिस्क तपासण्याचा प्रोग्राम रात्रभर चालवला. सकाळी संगणक सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याकडे नेला आणि म्हणालो, "ईद तोंडावर आहे, लवकर चालू करून द्या." त्याने डिस्क पुसून सर्व नव्याने भरले व चालू करून दिला. आत हिशेब आहे हे आम्ही सांगितले नव्हते, त्यानेही विचारले नाही. आमच्याकडची शेवटची नक्कल चौदा महिन्यांपूर्वीची होती.

विक्रीची बिले कागदावर होती. परंतु गिऱ्हाइकांनी पाचशे-हजार करून जमा केलेले पैसे फक्त संगणकात लिहिलेले होते. ईदनंतर आम्ही भिंगारच्या एका शिंपी बांधवाकडे ६,४०० रुपयांचा तगादा लावला. तो म्हणाला, "शेठ, ते तर मी दोन हप्त्यांत फेडले." त्याच्याजवळ पावती नव्हती, आमच्याजवळ वही नव्हती. आम्ही त्याचा शब्द मानला. पण ज्याने दिले त्यालाच पुन्हा मागितले, ही गोष्ट पैशांपेक्षा जड गेली. उधारीचे खाते एकट्या दुकानदाराचे नसते, ती गिऱ्हाइकाचीही अमानत असते. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्या-घेण्याचे लिखाण करण्याविषयीच आहे. लिहिणे जितके आवश्यक, तितकेच लिहिलेले जपणेही आवश्यक.

आता यंत्राविषयी. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. त्यांवर वाचणारी सुई तबकडीला न टेकता हवेच्या पातळ थरावर तरंगते. हे अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते. धक्का, धूळ किंवा झीज यामुळे सुई टेकली की तबकडी खरवडली जाते व तेथील लिखाण कायमचे जाते. म्हणून बिघडलेली डिस्क जितकी जास्त फिरवाल तितके नुकसान वाढण्याचा धोका. आमची रात्रभराची तपासणी हीच मोठी चूक होती.

बिघाडाची लक्षणे अशी : टक्-टक् किंवा घासल्याचा आवाज, फाइल उघडायला फार वेळ, फाइलींची नावे विचित्र दिसणे, नक्कल करताना मध्येच अडकणे, संगणकाला डिस्क कधी दिसणे तर कधी न दिसणे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. क्रिस्टल डिस्क इन्फो या मोफत प्रोग्रामने ती पाहता येते. मात्र त्यावर विसंबू नका. गुगल कंपनीने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. नव्या एसएसडीत फिरणारा भाग नाही, त्यामुळे आवाजही नाही. ती न सांगताच बंद पडू शकते.

लक्षण दिसताच पुढील क्रम पाळावा :

१. नवीन नोंदी ताबडतोब थांबवा. पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका. तपासणी, फॉरमॅट किंवा नवा प्रोग्राम भरणे, काहीही करू नका.

२. डिस्क वाचता येत असेल तर बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावून प्रथम हिशेबाचा फोल्डर उतरवा, मग बिले व गिऱ्हाइकांची यादी, मग घरचे फोटो. संपूर्ण डिस्कची नक्कल करत बसू नका.

३. डिस्क दिसतच नसेल पण आवाज नसेल, तर वीज काढून आतील केबल एकदा नीट बसवून पाहा. कधी दोष केबलचाच असतो.

४. टक्-टक् आवाज असेल तर संगणक बंद करा आणि बंदच ठेवा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सांगेल, तो करू नका. आत दव धरते. साध्या दुकानात डिस्क उघडू देऊ नका, त्यासाठी धूळविरहित खोली लागते. माहिती परत काढणाऱ्या जाणकाराकडेच द्या आणि खर्च आधी लेखी घ्या.

५. दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर लिहून द्या : "आत हिशेब आहे, विचारल्याशिवाय काही पुसू नये."

६. एकदा बिघडलेली डिस्क पुन्हा कामाला घेऊ नका. भंगारात देण्यापूर्वी ती फोडा, तिच्यात गिऱ्हाइकांचे फोन व पॅन क्रमांक असतात.

कायद्याची बाजूही पाहा. जीएसटीत नोंदलेल्या व्यापाऱ्याने त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळायचा असतो. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी नियमांतील ५७ वा नियम संगणकावरील हिशेबाची नक्कल ठेवायलाही सांगतो. भरलेली विवरणे पोर्टलवर मिळतात, पण कोणाची किती उधारी जमा झाली हे पोर्टलला ठाऊक नसते.

आता आमची रीत अशी आहे. दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. एक घरी, एक दुकानात. रोज रात्री हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर, दर जुम्म्याला एका डिस्कवर, पुढच्या जुम्म्याला दुसरीवर. प्रत्येक नकलेच्या नावात तारीख. जुन्या नकलेवर नवी चढवत नाही, कारण बिघडलेली फाइल चांगलीला खाऊन टाकते. काम झाले की डिस्क काढून ठेवतो, कारण विजेचा झटका जोडलेल्या सर्व यंत्रांना लागू शकतो. महिन्यातून एकदा नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेला गल्ला. आणि गिऱ्हाइकाने शंभर रुपये जमा केले तरी कागदी पावती देतो.

बंधूंनो, डिस्क बाजारात दुसरी मिळते, गिऱ्हाइकाचा विश्वास मिळत नाही. आज रात्री दुकान वाढवल्यावर हिशेबाची एक नक्कल अवश्य काढा.