होडीत बसून राहा

भिगवण

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

काल बाजारात कुंभारगावची एक बाई भेटली. तिचा दीर पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतो. म्हणाली, "तुमचा पुण्याचा भाचा आला होता की रविवारी." मला आनंद झाला, आणि लगेच पुढचं ऐकावं लागलं. तू नावाड्याला इंजिन चालू ठेवून होडी सरळ रोहितांच्या थव्यावर घालायला लावलीस. थवा उडाला तेव्हा पुढच्या फळीवर कॅमेरा घेऊन उभा राहिलास. लाइफ जॅकेट खाली पडलेलं. वर "दादा, अजून एकदा" म्हणालास.

खोटं असेल तर आजच फोन कर. वहिनीला मी यातलं काही बोललेले नाही.

उजनीचं पाणी तुला सुट्टीत दिसतं तेवढंच माहीत आहे. सकाळी आरशासारखं असतं, दुपारून वारा सुटला की ओळखू येत नाही. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळात उलटली आणि सहा जण गेले. तो उन्हाळा होता, हिवाळ्यात तशी वादळं नसतात, असं तू म्हणशील. पण होडी उलटायला वादळच लागतं असं नाही. उभ्या माणसाचा तोल गेला तरी पुरतं. खाली गाळ आहे, जुन्या बाभळी आहेत, मच्छीमारांची जाळी आहेत. पट्टीच्या पोहणाऱ्याचेही पाय तिथे अडकतात, आणि तुझं पोहणं क्लबच्या तलावातलं.

आता पाखरांचं. रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि जिभेने पाणी आतबाहेर करत गाळातलं बारीकसारीक खाणं चाळून घेतो. पोट भरायला त्याला तासन् तास मान खाली ठेवावी लागते. जागेवरून झेप घेणंही त्याला जमत नाही, आधी पाण्यावर धावावं लागतं. तुझ्या एका फोटोसाठी सगळा थवा धावला, उडाला, लांब जाऊन बसला आणि तू परत तिकडेच होडी नेलीस. पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतात, तिबेट-मंगोलियाकडून. थंडी सरली की तेवढंच परत जायचं. त्या प्रवासाची चरबी ते इथल्या शेतांत आणि काठावर चरून साठवतात. तुम्ही उठवलंत की ती इथेच खर्च होते.

आपलं गाव उठलं आहे, ओंकार. बसलेल्याला उठवणं म्हणजे काय, हे आपल्या घरात तरी कुणाला सांगावं लागू नये.

जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं तेव्हा मी शाळेत होते. उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं, पण उठाउठ आधीपासूनच चालू होती. नव्या जागी वीज येणार, सडक जवळ, मला तर हौसच होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी आबा म्हणाले, "चल, मळ्यावर एक चक्कर मारून येऊ." मी गेले नाही. भांडी बांधायची आहेत म्हणाले. आज त्या वाड्याचा, त्या विहिरीचा घरात एकही फोटो नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं शिखर उघडं पडतं, तेव्हा मळा कुठे असेल याचा मी नुसता अंदाज करते. पुढे पाण्यावर पाखरं वाढली. आबा रोज काठावर जाऊन बसायचे आणि मी लग्न होऊन याच पाण्याच्या काठी आले, तरी त्यांच्याशेजारी कधी बसले नाही. ते काय बघत होते, हे विचारायचं राहूनच गेलं.

तू कॅमेरा घेतलास तेव्हा म्हणूनच मला फार बरं वाटलं होतं. शाळेत असताना वेताळ टेकडीवरून धोबी, खाटीक या पाखरांचे फोटो काढून पाठवायचास. गेल्या वर्षीचा ऑस्प्रेचा फोटो तर मी फ्रेम करून लावलाय. पंजात मासा, माशाचं तोंड पुढे, पाण्याचा थेंब शेपटीवरून सुटतोय. तो तू काठावर दोन तास न हलता बसून काढला होतास. तेव्हा तुला कुणाला उडवावं लागलं नव्हतं.

तसंच कर. होडी लांब थांबव. थव्यातल्या माना ताठ झाल्या, सगळे एका दिशेला चालू लागले, की तिथेच इंजिन बंद करायला सांग. नावाडी स्वतःहून थांबणार नाही. त्याचा हंगाम चार महिन्यांचा, पाहुण्याला नाही म्हणणं त्याला परवडत नाही. म्हणून नाही म्हणायचं ते तू म्हणायचंस. फोटो हुकला तर हुकला. आणि जॅकेट, ओंकार. ते बांधल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. मित्रांसोबत काठावर तंबू टाकून राहता म्हणे. पाण्याच्या अगदी कडेला नको, रात्री उजेड आणि गाणी नकोत.

रागावले खरी. आबांच्या मागे त्या काठावर जाऊन बसणारा आपल्या घरात तू एकटाच आहेस, म्हणून जीव लागून राहतो. पुढच्या खेपेला मुक्काम घरीच कर. मी पहाटे उठवीन, चहा-भाकरी बांधून देईन आणि या वेळी होडीत तुझ्या शेजारी मीही बसेन. मला पाखरांची नावं सांग, एवढं शिकवशील ना? होळीपर्यंत बहुतेक पट्टकदंब निघून गेलेले असतात, तेव्हा त्याच्या आत ये.

तुझी,
आत्या