'रामदास' आगबोट आणि आपले गोदाम

कोकणच्या तिजारतीत आगबोटीचे स्थान एके काळी मोठे होते. खाड्यांवर पूल नव्हते, रस्ते कच्चे होते. मुंबईचा कपडा कोकणच्या बंदरांत आणि कोकणचा माणूस मुंबईच्या गिरणीत बोटीनेच पोहोचत असे. या धंद्यात इंग्रज कंपनीचा जोर होता. तेव्हा देशी माणसांनी भांडवल जमवून इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. लोक तिला आपलेपणाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत.

'रामदास' याच कंपनीची. १९३६ साली इंग्लंडमध्ये स्वॅन हंटरच्या गोदीत बांधलेली, सुमारे ४०० टनांची. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अवघा दीड तासाचा प्रवास. अमावास्येच्या सणासाठी गावी जाणाऱ्यांची गर्दी होती. वाटेत वारा-पाऊस वाढला, लाटांनी बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूस धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबई इतकी जवळ, पण कोणाला खबर नाही. वाचलेली माणसे किनाऱ्यास लागली तेव्हा शहराला कळले. दरम्यान मदतीला धावले ते रेवसकडचे कोळी. मुंबईच्या बाजारात न्यायची मासळी त्यांनी समुद्रात फेकली आणि होडीत माणसे घेतली.

आम्ही कपड्याच्या धंद्यातली माणसे. ज्या वस्तूपासून रोज विक्री होत नाही, तिच्यावरचा खर्च आम्हाला नुकसान वाटतो. आग विझवण्याचे नळकांडे, नवी वायरिंग, विम्याचा हप्ता, सगळे पुढच्या सीझनवर ढकलतो. गोदामाचा मागचा दरवाजा गाठोड्यांनी अडवतो. कारागीर आत झोपतात आणि आम्ही बाहेरून कुलूप लावतो. रात्री ठिणगी पडली तर त्यांनी हाक कोणाला द्यावी?

माल आपल्या मालकीचा असतो, पण कारागिराची जान आपल्याकडे अमानत असते. तेव्हा व्यापारी बंधूंनी या आठवड्यात तीन कामे करावीत: मागचा दरवाजा मोकळा करावा, बाहेरचे कुलूप काढावे आणि जुन्या तारा जाणकाराकडून तपासून घ्याव्यात. खर्च हिशेबाच्या वहीत धंद्याच्या खात्यावरच लिहावा.