बंद घरांतील पीक व कर्बाम्लवायु

खतपाण्याचा हिशेब प्रत्येक जाणता शेतकरी ठेवितो. हवेचा हिशेब ठेवण्याचें कारण उघड्या शेतांत सहसा पडत नाहीं. परंतु पॉलिहाउसमध्यें ढोबळी मिरची किंवा गुलाब करणारास तो ठेवणें अगत्याचें आहे.

झाडाचें अंग कशाचें बनतें? फ्लँडर्समधील व्हॅन हेल्माँट यानें २०० पौंड सुक्या मातींत ५ पौंडांचें वाळुंजाचें रोप लावून ५ वर्षें त्यास नुसतें पाणी घातलें. झाड सुमारें १६९ पौंड भरलें. माती मात्र अवघी २ औंस घटली. सर्व वाढ पाण्याची, असें त्यानें ठरविलें. हा प्रयोग १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १८०४ सालीं द सोस्यूर यानें मोजमाप करून दाखविलें कीं, पाण्याबरोबर हवेंतील कर्बाम्लवायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, झाडाच्या अंगीं लागतो.

हा वायु हवेच्या १० लाख भागांत सुमारें ४२५ भाग असतो. पान उजेडांत तो घेऊन साखर बनवितें. रात्रीं उलट थोडा सोडतें. म्हणून पहांटे बंद घरांत तो सांचलेला असतो व ऊन चढतांच आटतो. पडदे बंदच राहिले तर तो २०० भागांपर्यंतही उतरतो. मग खतपाणी पुरेसें असूनही पीक अर्धपोटीं राहतें.

हॉलंडांतील काचगृहांत तो ८०० ते १००० भाग ठेवितात. २००५ सालापासून रॉटरडॅमजवळील तेलशुद्धीच्या कारखान्यांतला वायु नळांनीं तेथें पुरविला जातो. आपल्याकडे मात्र उष्म्यामुळें पडदे उघडे ठेवावे लागतात. विकत आणलेला वायु त्यांतून निघून जाईल. तेव्हां ऊन चढण्यापूर्वीं बाजूचे पडदे उघडावे, हाच बिनखर्चाचा पहिला उपाय. ऊंस, ज्वारी, मका हीं पिकें थोड्या वायूवरही भागवितात. त्यांस जादा वायूचा लाभ अल्पच.

वायूसाठीं आंत रॉकेल अथवा भुसा जाळूं नये. धुरांतील इथिलीनमुळें कळ्या गळतात. माणसासही धोका आहे. १० लाखांत ५,००० भाग ही आठ तासांच्या कामाची मर्यादा मानितात. ४०,००० भागांत जिवावर बेततें. हा वायु हवेहून जड असल्यानें खोलगट जागीं सांचतो. पेवांत उतरलेला एक वर आला नाहीं, त्यास काढावयास दुसरा उतरला व तोही गेला, असे पंचनामे महसुली नोकरींत मीं स्वतः नकलले आहेत. दिवा तेवतो म्हणून हवा निर्धोक समजूं नये. दिवा तेवत असतांही माणूस बेशुद्ध पडूं शकतो.

यास्तव शेतकरी बंधूंनीं प्रथम पडदे, मग उजेड व खतपाणी पहावें. वायूचा विचार सर्वांच्या शेवटीं, आणि तोही मोजयंत्र हातीं असेल तरच करावा.